शिळ्या कढीस ऊत

गेल्या दिवाळींत आमचे घरीं सर्व मंडळी जमली होती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं सर्वांनीं मिळून एखादा चित्रपट पाहावा असें ठरलें, आणि चिरंजीवांनीं यादी वाचण्यास आरंभ केला. एक चित्रपट कशाचा तरी दुसरा भाग, एक तिसरा, एक दक्षिणेकडील चित्रपटावरून बेतलेला, तर एक जुन्याच चित्रपटाचा पुनर्जन्म! यादी संपतांच सौभाग्यवतींनीं विचारलें, "अहो, पण यांत नवा कोणता?" कोणासच उत्तर देतां आलें नाहीं. अखेर मंडळी सिद्धेश्वराचे दर्शनास गेली.

ही तक्रार हल्ली घरोघर ऐकूं येते. 'मुंबई-पुणे-मुंबई' हा प्रवास २०१०, २०१५ व २०१८ असा तीनदां झाला. 'नवरा माझा नवसाचा' या २००४ सालच्या चित्रपटास वीस वर्षांनीं, २०२४ सालीं, दुसरा भाग लाभला. हिंदीची गोष्ट तर बोलावयासच नको. तक्रार रास्त आहे. परंतु रोगाचें निदान मात्र बरोबर होत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

कथा उसनी घेणें हाच गुन्हा असता, तर कालिदास प्रथम दोषी ठरला असता. शकुंतलेचें आख्यान मूळ महाभारतांतलें. तेथें दुष्यंत सर्व कांहीं आठवत असूनही भर सभेंत तिला ओळख देत नाहीं, आणि आकाशवाणी झाल्यावर मग तिचा स्वीकार करतो. कालिदासानें शाप आणि मुद्रिका यांची योजना करून राजाचा दोष सौम्य केला, हें खरें. परंतु त्या मोबदल्यांत त्यानें सहाव्या अंकांतील पश्चात्ताप दिला, जो मुळांत नव्हता. पुढें अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं तेंच शाकुंतल मराठी संगीताच्या साजांत रंगभूमीवर आणलें. यांपैकीं कोणासही आपण शिळी कढी वाढणारा म्हणत नाहीं. कारण प्रत्येकानें आपली उसनवारी सव्याज फेडली.

आतां आपल्याच जिल्ह्यांतील उदाहरण पाहूं. २९ एप्रिल २०१६ रोजीं 'सैराट' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यांतील जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची, आणि चित्रीकरणही बरेचसें करमाळ्याच्या परिसरांतलें. पाटलाची मुलगी व मासेमारी करणाऱ्या घरांतील मुलगा यांचें प्रेम, हैदराबादेंत कष्टानें उभारलेला संसार, आणि अखेरीस माहेरच्या माणसांनीं केलेला दोघांचा घात, अशी ती कथा. शेवटीं पडद्यावरील सर्व आवाज थांबतात. रक्तानें माखलेल्या पावलांनीं चालणारें लहान मूल तेवढें दिसतें. उत्पन्नाच्या बाबतींत या चित्रपटानें तोंवरच्या सर्व मराठी चित्रपटांस मागें टाकलें.

मग रांग लागली. २०१७ सालीं कन्नड, पंजाबी व ओडिया, २०१८ सालीं बंगाली व हिंदी. कन्नड 'मनसु मल्लिगे'मध्यें तर रिंकू राजगुरूच पुन्हां नायिका झाली. हिंदी 'धडक' उदयपुरास गेला. तेथें सरोवरें आलीं, वाडे आले, 'झिंगाट' हें गाणेंही नव्या शब्दांनीं आलें. जात मात्र ओझरत्या उल्लेखापुरतीच उरली. शेवटही बदलला: पति आणि मूल मारले जातात, नायिका वांचते. पुढें २०२५ सालीं 'धडक २' आला, त्याची तर मौजच. त्याची कथा 'परियेरुम पेरुमाळ' या २०१८ सालच्या तमिळ चित्रपटाची! नांव एकाचें, कथा दुसऱ्याची. न्यायानें सांगितलें पाहिजे कीं, या दुसऱ्या चित्रपटानें जातीचा प्रश्न आडपडदा न ठेवतां मांडला; पण त्यासही स्वतःच्या नांवावर उभें राहतां आलें नाहीं.

बेंगळूरास वाढलेली आमची नात, यंदा बारावींत आहे, त्याच दिवाळींत म्हणाली, "आजोबा, 'धडक' म्हणजे ती राजस्थानांतली गोष्ट ना?" आम्ही म्हणालों, "बाळ, ती आपल्याच जिल्ह्यांतली." ती विचारांत पडली. "मग ती तिकडे कां नेली?"

उत्तर देतांना आमची जीभ अडखळली. भांडवलवाल्यांस खात्री हवी असते. एकदां खपलेलें पुन्हां खपेल, हा त्यांचा हिशेब. पण कथेंतलें काय खपतें आणि काय खपत नाहीं, हें त्यांस शिकविलें कोणीं? 'झिंगाट' आपल्या लग्नांत वाजलें, मुंजींतही वाजलें. शेवटाविषयीं मात्र दिवाणखान्यांत अवाक्षर निघालें नाहीं. 'सैराट' पाहून आलों त्या रात्रीं आमच्याच पंगतींत तो विषय निघाला, तेव्हां "मुलांसमोर नको" म्हणून तो आम्हींच बंद केला. पस्तीस वर्षें वर्गांत मुलांस 'शंका विचारा' असें सांगणारे आम्ही! गाणें आम्हीं घरीं आणलें, शेवट चित्रगृहांतच ठेवून आलों. 'धडक' काढणारांनीं याहून निराळें काय केलें?

म्हणून वाचकांस आमची विनंति एवढीच. नवी आवृत्ति पाहण्यापूर्वीं घरांतील मुलांस मूळ चित्रपट दाखवावा. आणि पाहून झाल्यावर मुळांतलें काय गाळलें व त्या जागीं काय दिलें, एवढा एकच प्रश्न विचारावा. अपरिचित दिग्दर्शकाचा नवा चित्रपट लागला, तर तो पहिल्या आठवड्यांतच पाहावा; नंतर हळहळून उपयोग नाहीं. शिळ्या कढीस गिऱ्हाईक आहे तोंवर तिला ऊत येतच राहणार.

दुसरे दिवशीं सकाळीं आम्ही नातीस घेऊन घरींच 'सैराट' पाहावयास बसलों. शेवट झाल्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग तिनें विचारलें, "आजोबा, पण त्यांनीं मारलें कां?" या खेपेस आम्हीं तिला गप्प केलें नाहीं. त्या दिवशीं जेवणास फार उशीर झाला.