पूर्वग्रहाची लाज कशाला?

मराठीच्या अध्यापकवर्गात सध्या दोन विधाने फार आत्मविश्वासाने केली जातात. पहिले : यंत्र निःपक्षपाती असते, त्याच्यापुढे विदा ओतावी, अर्थ ते आपणहून सांगते. दुसरे : बेझप्रणीत संख्याशास्त्र पूर्वग्रहापासून आरंभ करते, म्हणून ते संशयास्पद. पहिला पक्ष दुसऱ्याला जुनाट समजतो, दुसरा पहिल्याला उथळ. आमच्या मते दोघांचे दुखणे एकच आहे. आपण कोऱ्या मनाने वाचू शकतो, अशी दोघांचीही समजूत आहे.

आम्ही नेसरीचे. गडहिंग्लज तालुक्यातल्या या गावाच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर पडले. 'सात' हा आकडा आम्हांला कागदपत्रांनी नव्हे, कुसुमाग्रजांच्या कवितेने शिकवला. प्रतापरावांसोबतच्या सहांच्या नावांविषयी समकालीन पुरावा किती तोकडा आहे, हे पुष्कळ उशिरा कळले. बखर प्रथम हाती घेतली तेव्हा आम्ही सातच शोधत बसलो होतो. त्याचा विषाद नाही. विषाद याचा, की तसे आपण शोधतो आहोत हे आम्ही कुठेही नोंदवले नाही.

बेझची पद्धत नेमकी हीच नोंद करायला लावते. पुरावा पाहण्याआधी एखाद्या गोष्टीवर किती विश्वास होता, ते आकड्यात मांडा. ती गोष्ट खरी असती तर, आणि खोटी असती तर, समोरचा पुरावा कितपत अपेक्षित होता ते विचारा. त्या प्रमाणात विश्वास बदला. थॉमस बेझचा निबंध १७६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्यातून निघणारे एक मर्म आमच्या विद्वानांनी ध्यानात घ्यावे : आरंभीचा विश्वास शून्य धरला, तर कोणताही पुरावा त्याला हलवू शकत नाही.

जवळपास शून्य धरलेल्या अशा विश्वासाची किंमत महाराष्ट्राने दोनदा मोजली आहे. दख्खनचे पठार म्हणजे अचल, ही जुनी समजूत. कोयनेचा जलाशय १९६२पासून भरू लागला, परिसरात हादरे सुरू झाले, आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३ प्रतीचा भूकंप झाला. किल्लारी तर त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे तिथे व आसपास सुमारे १०,००० माणसे गेली.

किल्लारीला १९९२च्या उत्तरार्धात धक्के जाणवले होते. मग इशारा का दिला नाही, असा प्रश्न आजही त्वेषाने विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, त्वेष मात्र आकडेमोड टाळतो. समजा (हे आकडे केवळ कल्पित), धक्क्यांच्या १,००० मालिकांपैकी १० मोठ्या भूकंपात संपतात. एखादे यंत्र त्या १० पैकी ९ ओळखते आणि उरलेल्या ९९० पैकी ९९ वेळा फुकट ओरडते. म्हणजे १०८ इशाऱ्यांत खरे ९, बारांत एक. वृत्तपत्रे अशा यंत्राला 'नव्वद टक्के अचूक भाकीत' म्हणतील. भाकीत हा ज्योतिषाच्या पेढीवरचा शब्द संभाव्यतेच्या गळ्यात बांधण्याचे पाप भूकंपशास्त्राचे नाही, मराठी गद्याचे आहे, आणि ते गद्य शिकवणारे आपणच.

आता यंत्राकडे वळू. भूकंपलेखांच्या अजस्र ढिगातून प्राथमिक आणि दुय्यम लहरी नेमक्या केव्हा पोचल्या, हे टिपण्यात यंत्राचे शिक्षण खरोखर उपकारक ठरले आहे. माणसाच्या नजरेतून निसटलेले कितीतरी बारीक भूकंप त्यामुळे यादीत आले. पण यादी कोणी केली? जिथे भूकंपमापक नव्हता तिथली भूमी यादीत शांत दिसते, आणि यंत्र ती शांतता खरी मानून शिकते. यंत्राचा पूर्वग्रह तो हाच. फक्त तो कोणी उच्चारीत नाही. २०१८ साली 'नेचर'मध्ये पश्चात्कंपांच्या जागा सांगणारे एक जाळे प्रसिद्ध झाले. त्यात १३,०००हून अधिक मापदंड होते. पुढल्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, मिन्यां आणि ब्रोकार्दो यांनी दाखवले की अवघ्या दोन मापदंडांचे साधे सूत्र तितकेच काम करते. ज्यांच्या शोधनिबंधांत परिभाषेची जाळी अशीच फोफावते, त्या आमच्या समीक्षकमित्रांना हा प्रसंग ओळखीचा वाटायला हरकत नाही.

आरंभीच्या त्या विश्वासाला 'पूर्वग्रह' म्हणणेच आम्हांला अमान्य आहे. 'पूर्वधारणा' म्हणावे. ग्रह सुटत नाही, धारणा पुराव्यापुढे बदलते. दोन अभ्यासकांनी वेगळ्या पूर्वधारणा मांडल्या तर भांडण निदान उघड्यावर होते, आणि पुरावा पुरेसा साचला की दोघे जवळ येतात, दोघांपैकी कोणी शून्य धरले नसेल तर. आमच्या चर्चासत्रांत असे जवळ येणे आम्ही फारसे पाहिलेले नाही.

म्हणून यंदा नेसरीच्या लढाईवर निबंध लिहायला सांगताना आम्ही विद्यार्थ्यांना बखर आधी दिलेली नाही. स्वार किती होते असे वाटते, आणि शंभरात किती खात्रीने, एवढेच पहिल्या पानावर लिहून घेतले. एकाने 'सात, शंभर' असे लिहिले. त्याची वही आम्ही अजून परत केलेली नाही.