नकाराचे शब्द

इंग्रजींत नकारदर्शक शब्द अनेक. पण आमचीं मुलें सर्वत्र ‘रिफ्यूज’च योजितात. आमंत्रणाच्या उत्तरांत तो पडला कीं यजमान दुखावलाच म्हणून समजावें. तेथें ‘डिक्लाइन’ हवा. त्याचा मूळ लॅटिन अर्थ ‘बाजूस वळणें’. समोरच्यास न ढकलतां आपणच वळावें, हें त्यांतलें सौजन्य. आरोप नाकारावयाचा तर ‘डिनाय’.

गोमंतकांत १९६१ पर्यंत राजभाषा असलेल्या पोर्तुगीजेंत यांचे प्रतिशब्द अनुक्रमें ‘रेकुझार’, ‘देक्लिनार’ व ‘नेगार’. मात्र ‘रेकुझार’ इतका कठोर नव्हे. तो आमंत्रणासही चालतो, आणि ‘देक्लिनार’ जरा दरबारी वाटतो. पुढें आलेलें ताट नको असेल तर पुरुषानें ‘नाउं, ओब्रिगादु’ व स्त्रीनें ‘नाउं, ओब्रिगादा’ म्हणावें. आभाराचें लिंग बोलणाऱ्याचें, ऐकणाऱ्याचें नव्हे! हा ‘नाउं’ आपल्या संस्कृत ‘न’चाच दूरचा आप्त.

परंतु ब्राझील देशांत सावध असावें. तेथें कांहीं मागितलें असतां ‘पोइस नाउं’ असें उत्तर आलें तर वाचकांनीं परत फिरूं नये. त्याचा अर्थ ‘अवश्य’! उलट ‘पोइस सीं’ या शाब्दिक होकारांत बहुधा उपहासाचा नकार असतो.