जुन्या खेळांची साठेबाजी

टंचाईच्या दिवसांत साठेबाज माल दाबून ठेवतो आणि भाव चढले की बाहेर काढतो, हे महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना नव्याने सांगावयास नको. परंतु गहू, साखर, रॉकेल या वस्तू निदान मोजक्या असतात. गोदाम रिकामे झाले की त्या संपतात. ज्या वस्तूची आणखी एक प्रत काढावयास जवळजवळ काहीच खर्च येत नाही, तिचीही साठेबाजी करता येते काय? जपानच्या निन्टेन्डो कंपनीने २०२० साली ती करून दाखविली.

त्या वर्षीच्या १८ सप्टेंबरला कंपनीने ‘सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स’ या नावाने आपले तीन जुने व्हिडिओ गेम एकत्र बाजारात आणले. पहिला १९९६ चा, दुसरा २००२ चा, तिसरा २००७ चा. तिघांची मिळून किंमत ६० डॉलर, म्हणजे त्या वेळी एका कोऱ्या करकरीत गेमला पडत असे तितकी. मूळ मालावर फारसे काम केलेले नव्हते. १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’चे चित्र तर आजच्या रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे ठेवूनच दिसे. तरीही याला लूट म्हणता येणार नाही. एका गेमला २० डॉलर पडले, आणि तो कित्येक दिवस पुरतो. सिनेमाच्या तिकिटाच्या मानाने हा सौदा वाईट नव्हे, असे ग्राहक म्हणाला तर त्याचे चुकत नाही.

खरी गोम किमतीत नव्हती, तारखेत होती. ३१ मार्च २०२१ नंतर हा संच मिळणार नाही, असे कंपनीने आरंभीच जाहीर केले. दुकानांत जाणारा माल थांबवला, हे एक वेळ समजू शकते. पण जी प्रत केवळ तारेवरून उतरवून घ्यावयाची, जिला ना कागद लागतो ना प्लास्टिक, तिचीही विक्री त्याच दिवशी बंद झाली. साहजिकच लोकांनी घाई केली. मार्चअखेर नव्वद लाखांहून अधिक प्रती खपल्या होत्या. ज्यांची संधी हुकली, त्यांच्यासाठी त्या तिघांपैकी ‘गॅलक्सी’ हा गेम ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा विक्रीस आला. या वेळी चित्र अधिक स्वच्छ होते आणि किंमत त्या एकट्याचीच ४० डॉलर होती. सोबत त्याचा २०१० चा दुसरा भाग घेतला तर ७०.

‘परवडत नसेल त्याने घेऊ नये, खेळ म्हणजे काही भाकरी नव्हे,’ असे यावर उत्तर येते. ते खरे मानले तरी मुद्दा सुटत नाही. वाजवी किंमत ठरण्यासाठी तुलना करता आली पाहिजे, आणि या बाजारात तुलनेची सोयच ठेवलेली नाही. जुने पुस्तक रद्दीच्या दुकानात मिळते, मित्राकडून आणता येते, पन्नास वर्षांनीही उघडून वाचता येते. जुना गेम जुन्या यंत्रावरच चालतो. यंत्र बिघडले की मूळ प्रत कपाटात पडून राहते. नव्या यंत्रावर तो कोणत्या रूपात, किती काळ आणि कोणत्या भावाने मिळावा, हे ठरविणारा विक्रेता एकच असतो. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ निन्टेन्डोच्या ‘वी’ यंत्रावर पाच डॉलरला विकत मिळत असे. त्या यंत्राचे दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले. नंतरच्या ‘स्विच’ यंत्रावर तोच गेम वर्षाला २० डॉलरची वर्गणी भरून खेळावयास मिळू लागला. वर्गणी थांबली की गेमही थांबला. एके काळचा मालक अशा रीतीने भाडेकरू होतो.

तुलना टाळण्याची याहून ढळढळीत तऱ्हा २०२१ साली अमेरिकेतील रॉकस्टार कंपनीकडून पाहावयास मिळाली. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या मालिकेतील तीन जुने गेम सुधारून ती ६० डॉलरला आणणार होती. नवा संच नोव्हेंबरमध्ये यावयाचा होता. जुन्या आवृत्त्या ऑक्टोबरमध्येच इंटरनेटवरील दुकानांतून काढून घेण्यात आल्या. मग नवा माल आला. त्यात पात्रांचे चेहरे विद्रूप झालेले, फलकांवरील अक्षरे चुकलेली, आणि पाऊस असा की समोरचा रस्ता दिसू नये. ग्राहकांनी गहजब केल्यावर कंपनीने माफी मागितली आणि संगणकावरच्या जुन्या आवृत्त्या परत देण्याचे कबूल केले. हेतू काहीही असो, जुना आणि नवा शेजारी शेजारी राहिले असते तर नव्याला कोणी हात लावला असता?

सर्वच पुनर्प्रकाशने अशी नसतात. २०२२ चा ‘अटारी ५०’ हा संच शंभराहून अधिक जुन्या गेमसोबत त्यांच्या निर्मात्यांच्या मुलाखती आणि कागदपत्रेही देतो. त्यात श्रम आहेत आणि त्या श्रमांचे पैसे मागणे रास्त आहे. २००२ चा ‘मेट्रॉइड प्राइम’ फेब्रुवारी २०२३ मध्ये ४० डॉलरला पुन्हा आला, तेव्हाही त्याच्या नव्या रूपाची सर्वत्र वाखाणणी झाली. मात्र श्रेयनामावलीत टेक्सासमधील रेट्रो स्टुडिओजमध्ये मूळ गेम घडविणाऱ्यांची नावे नव्हती. त्यांच्या कामावर हा गेम आधारलेला आहे, एवढी एक ओळ तेवढी होती. त्यांतील काहींनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. वीस वर्षांनी पुन्हा विकला गेला तो त्यांचाच माल. वाजवी किमतीच्या चर्चेत या कामगारांचा हिशेब सहसा कोणी काढीत नाही. त्यांना त्या वेळी पगार मिळाला, प्रकरण मिटले, असेच धरले जाते. अमेरिकेतील अभिनेत्यांच्या संघटनेने २०१६–१७ मध्ये गेम कंपन्यांविरुद्ध संप केला. ठरावीक संख्येपलीकडे खप गेला तर आवाज देणाऱ्यांना जादा मोबदला मिळावा, ही त्यातील एक मागणी होती. जवळपास वर्षभर संप चालला. तडजोडीत कामाच्या वेळची वाढीव रक्कम पदरात पडली. खपावरचा वाटा मिळाला नाही. संघटना असलेल्यांची ही गत, तर ज्यांची संघटनाच नाही त्या प्रोग्रॅमरांनी आणि चित्रकारांनी कोणाकडे पाहावे?

आणि हे सारे जे गेम पुन्हा विकले जातात त्यांच्याविषयी झाले. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे आढळले की, २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. कंपनीला त्यांत नफा दिसत नाही म्हणून ती विकत नाही. हक्क तिचा म्हणून दुसऱ्या कोणाला देताही येत नाही. ग्रंथालयांनी जतन केलेले असे गेम संशोधकांना दुरून पाहता यावेत, एवढीच परवानगी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाकडे मागण्यात आली होती. गेम कंपन्यांच्या संघटनेने विरोध केला. अभ्यासाच्या नावाखाली लोक करमणूक करून घेतील आणि जुन्या गेमची बाजारपेठ बुडेल, ही भीती पुढे करण्यात आली. जे विकावयासच ठेवलेले नाही त्याची बाजारपेठ बुडणार ती कशी, हा प्रश्न बाजूला राहिला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मागणी फेटाळली गेली. कायद्यातील या सवलतींचा फेरविचार दर तीन वर्षांनी होतो. पुढली पाळी २०२७ ची आहे.