अद्भुतकथा मोठ्यांनीही वाचावी

उर्सुला ल ग्विन ही माझी सर्वांत लाडकी लेखिका. मिरजेत मी शाळेत भूगोल शिकवते, आणि शाळेबाहेर उरलेल्या वेळात फँटसी कादंबऱ्या वाचते. टोल्किन वाचला, टेरी प्रॅचेट वाचला, रोलिंगबाईंची सगळी पुस्तकं वाचली. पण पुन्हा पुन्हा परत जाते ती ल ग्विनबाईंच्या ‘अर्थसी’त. सगळीकडे समुद्र, आणि त्यात विखुरलेली बेटंच बेटं. ‘तुम्ही अजून परीकथा वाचता?’ असं शिक्षक-खोलीत मला विचारलं जातं. मधल्या सुट्टीत या प्रश्नाचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

बर्कलीच्या पार्नासस प्रेसने किशोरवयीन मुलांसाठी काही लिहा असं सुचवलं, त्यातून 1968 साली ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ आलं. तोवर कथांतले जादूगार बहुतेक पांढऱ्या दाढीचे म्हातारे असत. हे लोक कधीतरी पोरसवदा असतील ना, मग ते शिकले कुठे, असं बाईंना वाटलं. त्या एका प्रश्नातून रोक बेटावरची जादूची शाळा उभी राहिली, हॅरी पॉटरच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. लिहिण्यापूर्वी त्यांनी बेटांचा नकाशा काढला होता. भूगोलाच्या शिक्षिकेला आणखी काय हवं!

नायक गेड हा गाँट बेटावरचा शेळ्या राखणारा पोरगा. आई लहानपणीच गेलेली, आणि जादूचे पहिले शब्द त्याला मावशीने शिकवलेले. पुढे रोकच्या शाळेत एका सहाध्यायाने डिवचलं म्हणून ताठ्यात तो नको तो मंत्र म्हणतो आणि मृतांच्या जगातून एक काळी सावली मोकळी सुटते. उरलेलं पुस्तक म्हणजे त्याचं त्या सावलीपासून पळणं, आणि मग उलट फिरून तिचाच पाठलाग करणं. सैन्य नाही, लढाई नाही, मारायला कुणी दुष्ट राजा नाही. भर समुद्रात दोघं समोरासमोर येतात तेव्हा गेड त्या सावलीला हाक मारतो ती स्वतःच्याच नावाने. माणसाने आपल्या आतल्या काळोखाची जबाबदारी कशी घ्यावी हे इतक्या थोड्या पानांत सांगणारी दुसरी कादंबरी मला माहीत नाही.

आणि त्या जगाला नियम आहेत. जादू येते म्हणून वाटेल ते करता येत नाही. रोकवरचे गुरू मुलांना बजावतात की एका बेटावर मंत्राने पाऊस पाडलात तर दुसरीकडे दुष्काळ पडू शकतो. गेडचा पहिला गुरू ओगिऑन पाऊस आला की मंत्राने ढग हटवत नाही, निमूट भिजत राहतो, आणि तरण्या गेडला याचा फार राग येतो. मी सांगली जिल्ह्यात राहते. इथे 2019 मध्ये कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलेलं पाहिलं आणि त्याच जिल्ह्यातल्या जत तालुक्यातली कोरडी विहीरही पाहिली. निसर्गाच्या समतोलाचा धडा मी पाठ्यपुस्तकातून दरवर्षी शिकवते, पण तो समतोल माणसाच्या वागण्याशी बांधलेला असतो हे मला या कादंबरीने जास्त नीट समजावलं. ही काही वास्तवापासूनची पळवाट नव्हे.

ल ग्विनबाईंचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामवंत मानववंशशास्त्रज्ञ. आई थिओडोरा यांनी ‘याही’ नावाच्या जमातीतल्या शेवटच्या माणसावर, इशीवर, पुस्तक लिहिलं. जगात जगण्याच्या अनेक रीती असतात आणि त्यातली गोऱ्यांची एक, हे त्या घरात मुलीला वेगळं शिकवावं लागलं नसणार. म्हणूनच गेड तांबूस-सावळा आहे, त्याचा मित्र व्हेच काळा आहे, आणि गोरे लोक आहेत ते परक्या कार्गाड बेटांवरचे. मुखपृष्ठांवर मात्र गेड वर्षानुवर्षं गोरा होत राहिला. 2004 मध्ये अमेरिकी टीव्हीवरच्या मालिकेनेही त्याला गोरा केला, तेव्हा बाईंनी जाहीर लेख लिहून संताप व्यक्त केला. गोऱ्या नायकांची इतकी पुस्तकं वाचल्यावर गेडचा रंग वाचताना मला किती आनंद झाला, ते मराठी वाचकाला उलगडून सांगायला नको.

पण माझं त्यांच्यावरचं खरं प्रेम ‘तेहानू’ या अर्थसीच्या चौथ्या भागामुळे. तिसरं पुस्तक 1972 साली आलं, त्याला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं आणि गोष्ट संपली असं सगळे धरून चालले. दरम्यान बाईंना आपल्याच जगातली उणीव दिसली होती. रोकच्या शाळेत मुलींना प्रवेश नव्हता, आणि बायकांच्या जादूला तिथे हलकं मानत. अठरा वर्षांनी, 1990 मध्ये, त्या तिथे परत गेल्या. यावेळी कथा टेनार या मध्यमवयीन शेतकरी विधवेची, आणि आपल्याच माणसांनी मारून आगीत टाकलेल्या एका मुलीची. गेड येतो तो सगळी शक्ती गमावून, आणि पुन्हा शेळ्या राखू लागतो. स्वयंपाक, धुणंभांडी, जखमांवर औषध लावणं, रात्री दाराला कडी लावताना वाटणारी भीती हे सगळं ड्रॅगनांच्या जगात येतं. काही जुने चाहते नाराज झाले. मला मात्र हे पुस्तक पहिल्या तिन्हींपेक्षा मोठं वाटतं. गाजलेलं स्वतःचं काम पुन्हा उघडून, त्यात आपण कुणाला बाहेर ठेवलं ते पाहण्याची हिंमत किती लेखक करतात?

आपल्याकडे अद्भुत म्हणजे पोरवय आणि वास्तव म्हणजे प्रौढपण असं समीकरण समीक्षेने पक्कं करून ठेवलं आहे. ‘मुक्तामाला’ (1861) किंवा नाथमाधवांची ‘वीरधवल’ (1913) यांचा उल्लेख होतो तो कादंबरीच्या बाल्यावस्थेचा नमुना म्हणून. पण जी. ए. कुलकर्णींच्या ‘रमलखुणा’तली ‘इस्किलार’ घ्या. तो प्रदेश कुठल्या नकाशात आहे? ती फँटसीच आहे, आणि ती मुलांसाठी आहे असं म्हणायला कुणी धजावणार नाही. 2014 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल बुक फाउंडेशनने ल ग्विनबाईंचा मोठा सन्मान केला, तेव्हा साहित्याच्या पंगतीतून इतकी वर्षं वगळल्या गेलेल्या फँटसी आणि विज्ञानकथा लेखकांच्या वतीने तो घेते, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. 22 जानेवारी 2018 रोजी त्या गेल्या.

ग्रंथालयांच्या पुस्तकनिवड समित्यांवर बसणाऱ्यांना माझी विनंती आहे: अर्थसीचे सगळे भाग मागवा, आणि ते कादंबरी विभागात ठेवा. वाचकांनी पहिल्या भागापासून सुरुवात करावी आणि ‘तेहानू’पर्यंत पोहोचल्याशिवाय थांबू नये.