डबीतले पीच

टोनीमोली या कोरियन प्रसाधन-कंपनीचे पीचच्या आकाराच्या डबीतले हातांचे मलम प्रथम माझ्या हाती आले, तेव्हा त्या गुलाबी डबीचा घाट न्याहाळण्यात अन् गंध हुंगण्यातच एक सायंकाळ खर्ची पडली, हे निःसंकोच कबूल करतो. हात मऊ झाले खरे. परंतु अशा प्रसाधनांच्या वेष्टनावरील घटकांची फेरिस्त निराळीच साक्ष देते, कारण प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने नावे लिहिण्याच्या दंडकानुसार अग्रभागी बहुधा पाणी अन् ग्लिसरीन विराजमान असतात, आणि फळाचा अर्क पुष्कळदा तळाशी, जिथे एक टक्क्याहून कमी प्रमाणातल्या जिनसांना क्रमाचेही बंधन नसते. वेष्टनावर फळाचे चित्र छापणाऱ्याने अर्काचे प्रमाणही छापावे, अशी सक्ती मला रास्त वाटते. दक्षिण कोरियातल्या गोहुंगचे युजा हे लिंबूवर्गीय फळ मात्र, ज्याचा गोड पाक कोरियन माणसे हिवाळ्यात ऊन पाण्यात कालवून पितात, मी डबीतून नव्हे, पेल्यातूनच घेईन.