धाकटीची सुकट

आमची धाकटी २०२२ साली कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी जपानला गेली, तेव्हा भडगावातल्या शेजारणींनी एकच विचारले, "तिथं खाईल काय पोरगी?" मी हसण्यावारी नेले. पण वर्षभराने फोनवर तिची बसलेली गालफडे पाहिली आणि माझे हसू पळाले. "जेवनी का वं?" म्हटले की "हो" म्हणायची. काय जेवलीस, विचारले की विषय बदलायची. एकदा बोलून गेली, "आई, दुकानातला भाताचा गोळा खाल्ला." ठेच्याशिवाय जिच्या घशाखाली घास उतरत नव्हता, ती पोर थंडगार भाताच्या गोळ्यावर दिवस काढत होती.

२०२४ च्या एप्रिलपासून दोन महिने मी तिच्याकडे राहून आले. ज्या भगिनींची मुले तिकडे आहेत किंवा जायच्या तयारीत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते.

ती राहते तो तोक्योचा एदोगावा भाग. तिथे निशी-कासाई स्टेशनाजवळ आपल्या देशातली माणसे पुष्कळ. सन २००० च्या सुमारास कॉम्प्युटरची मंडळी येऊ लागली आणि वस्तीच झाली. २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ एदोगावाच्या सभेवर निवडूनही आले. डाळ, पीठ, हळद सारे मिळते. मग अडले कुठे? तर तिथल्या बहुतेक भारतीय हॉटेलांत जेवण एकच. सुपाएवढा नान आणि लोणी घातलेली गोडसर भाजी. जपानी गिऱ्हाइकाला ते आवडते. पुष्कळ हॉटेले नेपाळी बांधव चालवतात, फार कष्टाळू माणसे, त्यांना मी दोष देत नाही. पण पाटीवर 'भारत' लिहिलेले असूनही आमच्या चुलीवरचे आत काही नव्हते.

मुलीने एका ताईंकडे घरगुती डबा लावला होता. डबा चांगला, पण शाकाहारी. एकदा ती सहज म्हणाली, आमच्याकडे सुकटीची चटणी करतात. ताईंनी नाक मुरडले आणि पुढे गाव, आडनाव विचारले. महिना संपला तसा मुलीने डबा बंद केला. मला हे तिथे गेल्यावर कळले.

तिच्या ऑफिसात थायलंडची एक मुलगी आहे. तिने हिला थाई जेवण दाखवले. त्याआधी ही एकटीच स्टेशनावरच्या मोठ्या दुकानातल्या थाई हॉटेलात जाऊन आली होती आणि निराश झाली होती. दुपारचे ताट हजार येनच्या आसपास. भातावर खिमा, ढोबळी मिरचीचे तुकडे, वर तळलेले अंडे. जपानी लोक त्याला 'गापाओ राइस' म्हणतात. तिखट नावाला नाही. मैत्रीण म्हणाली, हे जपान्यांसाठी केलेले थाई, आम्ही तिथे जेवत नाही. त्या 'गापाओ'चा मूळ अर्थच तुळस, आणि तिथे घालतात दुसराच गोड वासाचा पाला.

हे ऐकून मी उडालेच. तुळस जेवणात? आमच्या अंगणात वृंदावन नाही, पण खोकल्याच्या काढ्यापुरती तुळस डब्यात लावलेली आहे. तीच जात थायलंडात लसूण-मिरचीबरोबर मांसात परततात. तेव्हापासून आमची पहिली परीक्षा हीच झाली. ताट आले की आधी वास घ्यायचा. काढ्याचा वास आला तर हॉटेल खरे.

दर शनिवारी आम्ही मायलेकी शोधाला निघायचो. किंशिचो आणि शिन-ओकुबो या भागांत थाई हॉटेले बरीच आहेत. पाटीवर थाई अक्षरे हवीत, आणि आत थाई माणसे जेवताना दिसली पाहिजेत. जवळपास थाई किराणा असेल तर उत्तम, कारण त्यांच्या बायका जिथे मिरची घेतात तिथेच जेवतातही. थायलंडचे व्यापार मंत्रालय चांगल्या हॉटेलांना 'थाई सिलेक्ट' प्रमाणपत्र देते, ते भिंतीवर टांगलेले असते. पण आम्हाला सर्वांत चांगली मिळालेली जागा अशी होती, की तिच्या भिंतीवर कागद नव्हता, कोपऱ्यात फुले वाहिलेली बुद्धमूर्ती तेवढी होती. टेबलावर चार बरण्या. साखर, लाल तिखट, मिरची घातलेला व्हिनेगर आणि मिरची घातलेले मासळीचे पाणी. चव ज्याची त्याने जुळवायची. त्या मासळीच्या पाण्याला 'नाम प्ला' म्हणतात आणि ते जवळजवळ सगळ्यात असते, म्हणून शाकाहारी माणसाने आधी विचारून घ्यावे.

आतून खलबत्त्याचा ठकठक आवाज येत होता. आपल्याकडे बडगीत भरीत कुटतात ना, अगदी तसा. कच्च्या पपईचा कीस, लसूण, मिरची, भुईमुगाचे दाणे, लिंबू, ताडगूळ, सारे कुटून 'सोम ताम' करतात. ताट आले आणि त्यात मला काय दिसावे? वाळलेली बारीक कोलंबी! म्हणजे आमची सुकटच की. मुलगी मान खाली घालून भराभरा खात होती. डोळ्यांत पाणी आले तिच्या. "मिरची लागली," म्हणाली. मीही तेच म्हणाले.

सोम ताम फार खातात ते थायलंडच्या ईशान्येकडचे, ईसान भागातले लोक. कोरडा मुलूख, पोटासाठी माणसे बँकॉकला गेली आणि हे जेवण बरोबर गेले. आपले लोक सुरतेला गेले आणि उधन्यात शेवभाजी पोहोचली, त्यातलाच प्रकार. त्यांचा चिकट भात बांबूच्या टोपलीत येतो आणि हाताने खातात. दीड महिन्यात घराबाहेर मी पहिल्यांदाच बोटांनी जेवले.

जपान्यांना मात्र थाई तांदळाचे वावडे फार. १९९३ च्या थंड उन्हाळ्यात त्यांचे भाताचे पीक बुडाले, तेव्हा थायलंडने तांदूळ पाठवला. लांब, मोकळा दाणा त्यांना आवडला नाही, लोक नाके मुरडत राहिले. १९७२ च्या दुष्काळात आपल्याला अमेरिकेची लाल मिलो मिळाली होती, ती आठवली. आम्हीही ती नाक मुरडतच खाल्ली, पण खाल्ली.

आणखी एक सांगायचे राहिले. नारिता विमानतळाच्या बाजूला वाट पाकनाम हे थाई विहार आहे. सणाच्या दिवशी थाई बायका घरून डबे आणतात, भिक्खूंचे भोजन दुपारच्या आत होते, मग सारे एकत्र जेवतात. मुलीची मैत्रीण म्हणते, तिथल्यासारखे जेवण कुठल्या हॉटेलात नाही. आमचे जायचे राहिले.

तिखट हवे असेल तर जपानीत "काराकु शिते कुदासाई" म्हणायचे, म्हणजे तिखट करून द्या. मी तेवढे पाठ केले होते. शेवटच्या शनिवारी मी ते म्हटले तशी स्वयंपाक करणारी बाई बाहेर येऊन मला पाहून हसली. मी पिशवीतली काळ्या मसाल्याची पुडी तिला दिली. तिने वास घेतला, दोनदा शिंकली आणि पुडी पदराआड ठेवावी तशी ॲप्रनच्या खिशात ठेवली. परवा मुलीचा फोन आला. गालफडे भरली आहेत. म्हणाली, "आई, त्या बाई विचारत होत्या, मसाला पुन्हा कधी येणार?"