पाकिटाची मागची बाजू

मित्रांनो, इंजिनीअरिंगला ॲडमिशन घेतली की दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे एम-थ्रीचं टेन्शन येतं. दुसरी म्हणजे विशीतच कानाजवळ एक पांढरा केस उगवतो. आपण त्याचा दोष मेसच्या डाळीला देतो, जळगावच्या पाण्याला देतो, सबमिशनला देतो. (खरं कारण बहुतेक वेळा आजोबांकडून आलेलं असतं, पण आजोबांना कोण बोलणार!) मग रूम पार्टनर तो केस शोधून काढतो, सगळ्या विंगला दाखवतो, आणि कोणीतरी सल्ला देतो, "काळी मेंदी लाव ना भो. काही होत नाही. नॅचरल असते."

"काही होत नाही" आणि "नॅचरल असते". आज मला या दोनच वाक्यांवर बोलायचं आहे. कारण हीच दोन वाक्यं मी माझ्या आईला सांगितली होती.

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. धुळ्याला मामाच्या मुलीचं लग्न. आई म्हणजे नवरीची आत्या, म्हणजे मानाची. रविवारी रात्री मीच कोपऱ्यावरच्या दुकानातून काळ्या मेंदीचं पाकीट आणलं. पुढे हिरवं पान, आवळ्याचं चित्र आणि "हर्बल" हा शब्द. त्याआधीच्या वेळी आई म्हणाली होती की लावल्यावर दोन दिवस डोकं खाजत होतं. मी मोबाईलमधून मान वर न करता म्हणालो होतो, "काही होत नाही गं, नॅचरल असते."

मंगळवारी सकाळी आई उठली तेव्हा तिचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते. कपाळ आणि कान लालभडक, मानेवर पाणी भरलेले फोड. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "केसांना काय लावलं? पाकीट आणा." मी घरी जाऊन कचऱ्याच्या डब्यातून ते पाकीट काढलं. मागची अक्षरं इतकी बारीक की मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचावी लागली. मेंदी होती, आवळा होता, शिकेकाई होती, आणि त्यांच्याच रांगेत होतं पॅरा-फेनिलीनडायअमाइन.

मित्रांनो, मी केमिकलचा विद्यार्थी आहे. बेंझिनची रिंग, समोरासमोर दोन अमिनो ग्रुप. हे स्ट्रक्चर मी पेपरात काढलंय, व्हायवाला सांगितलंय, त्याचे मार्क्स घेतलेत. फक्त ते माझ्या आईच्या डोक्यावर आहे हे मला माहीत नव्हतं!

लग्नाला आम्ही गेलोच. जळगावहून पाळधी, एरंडोल, पारोळा करत एसटी धुळ्याला पोचेपर्यंत आईने चेहऱ्यावरचा पदर काढला नाही. दारात आजी म्हणाली, "काय व्हयनं वं पोरी तोंडले?" आईने सांगितलं, "काही नाही, ॲलर्जी." माझं नाव घेतलं नाही. लग्नाच्या फोटोत ती सगळ्यात मागे उभी आहे, मान वळवून.

आता थोडं केमिस्ट्रीकडे. घाबरू नका, डेरिव्हेशन नाही.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा, म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या वयाचा, क्विनाइन बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. तिथून डांबरापासून रंग बनवण्याचं युग सुरू झालं. १९०७ साली पॅरिसमध्ये यूजीन शुएलर या तरुण केमिस्टने केसांसाठी कृत्रिम रंग तयार केला आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. तीच पुढे लॉरिआल झाली. आजही कायमस्वरूपी हेअर डायचं मूळ तत्त्व फारसं बदललेलं नाही. पीपीडीसारखा छोटा, रंगहीन रेणू केसाच्या आत शिरतो. पेरॉक्साइडने त्याचं ऑक्सिडेशन होतं, तो दुसऱ्या रेणूंशी जोडला जातो आणि मोठा काळा रेणू तयार होतो. तो केसातून बाहेर पडू शकत नाही, म्हणून रंग धुऊन जात नाही. अमोनियाचं काम केसावरचे खवले उघडून वाट करून देणं. इंजिनीअर म्हणून बघितलं तर आयडिया झकास आहे, नाही का?

भानगड अशी की पीपीडी काही लोकांच्या कातडीला चालत नाही. २००६ साली अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने त्याला "ॲलर्जन ऑफ द इयर" ठरवलं होतं. (आपल्याकडे बेस्ट स्टुडंट असतो तसंच, फक्त उलटं.) ही ॲलर्जी लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी दिसते. आणि पहिल्याच वेळी होईल असंही नाही. वर्षानुवर्षं लावून काही होत नाही, मग एके दिवशी शरीर त्याला ओळखायला लागतं, आणि एकदा ओळखलं की सहसा आयुष्यभर विसरत नाही. आईचं डोकं खाजलं होतं ना, ती पहिली घंटा होती. मी ती ऐकली नाही.

मग "काळी मेंदी" म्हणजे काय? मेंदीत लॉसोन नावाचा रंग असतो. तो केसातल्या केराटिनला जाऊन चिकटतो आणि रंग देतो केशरी-तांबडा. काळा कधीच नाही. तोही दोन-तीन तास ठेवल्यावर. त्यामुळे सोपा नियम लक्षात ठेवा: अर्ध्या-पाऊण तासात केस काळेभोर करते ती नुसती मेंदी नव्हे. त्यात बहुतेक वेळा पीपीडी असतं, सोबत बेरियम पेरॉक्साइडसारखं काहीतरी असतं, आणि पाणी घातलं की तीच रिॲक्शन सुरू होते. मेंदी तिथे फक्त पाहुणी!

दुसरा फसवा शब्द "नो अमोनिया". अमोनिया नाही हे खरं असतं. पण त्याच्या जागी बऱ्याचदा मोनोइथेनॉलअमाइन असतं. ते उडून जात नाही, म्हणून वास येत नाही. वास नाही म्हणजे सौम्य, असं आपलं नाक ठरवतं. पण पीपीडी किंवा त्याचा सख्खा भाऊ टोल्युइन-२,५-डायअमाइन आत बसलेला असू शकतो.

आता कोणी म्हणेल, केमिकल वाईट आणि नैसर्गिक चांगलं, झाला निष्कर्ष. नाही! नैसर्गिक म्हणजे सौम्य असं असतं तर बिब्बा कधी कोणाला उतला नसता. बिब्बा झाडालाच येतो आणि धोबी त्याने कपड्यावर खूण करतात. पण अंगाला लागला की काय होतं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. मेंदीसुद्धा सगळ्यांसाठी नाही. जी-६-पी-डी या एन्झाइमची कमतरता असेल तर, आणि विशेषतः तान्ह्या बाळांना, मेंदी धोक्याची ठरू शकते. म्हणून प्रश्न नैसर्गिक की कृत्रिम हा नाही. पाकिटात नक्की काय आहे आणि ते कुणाच्या डोक्यावर जातंय, हा प्रश्न आहे.

आणि डोक्यावरून ते जातं कुठे? बाथरूमच्या जाळीतून गटारात, गटारातून नाल्यात, धुळ्याला असाल तर पांझरेत. पीपीडी पाण्यातल्या जिवांना अतिशय विषारी म्हणून युरोपात अधिकृतपणे नोंदवलेलं आहे. माझ्या आईच्या एका वाटीने पांझरा मरणार नाही, तिला मारायला बाकी आपण सगळे आहोतच. पण वाटी एका घरात नसते, गल्लीभर असते. आणि ती चकचकीत, थराथरांची पाकिटं? ती ना भंगारवाला घेतो, ना गाय खाऊ शकते. (खाते, हेच दुःख आहे.)

तरी मेंदीची बाजू घेताना प्रामाणिक राहू. मेंदी धुवायला पाणी जास्त लागतं. मी लहान असताना आजोळी नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. तिथे डोक्यासाठी तीन बादल्या म्हणजे चैन. शिवाय वेळ! आधी मेंदी, मग धुऊन वर निळीच्या पाल्याची ताजी पेस्ट, तेव्हा कुठे केस काळसर होतात. अख्खा रविवार जातो. आठवडाभर नोकरी करून रविवारी चार दिवसांचे कपडे धुणाऱ्या बाईला दहा रुपयांत अर्ध्या तासात काम उरकणारं पाकीट का आवडतं, हे समजून न घेता "तू हर्बल वापर ना" म्हणणं सोपं आहे. मी तेच केलं होतं.

मग आम्ही घरी काय करतो? डॉक्टरांनी पीपीडी कायमचं बंद सांगितलंय. आजीच्या अंगणात मेंदीचं कुंपण आहे. आखाजीला माहेरवाशिणी तिचीच मेंदी काढायच्या. आजी पाला सावलीत वाळवून पाठवते. आई तो आवळ्याच्या पावडरीबरोबर लोखंडी कढईत रात्रभर भिजवते. आवळ्यातलं टॅनिन आणि कढईतलं लोह मिळून गडद रंग तयार होतो. जुन्या काळची लिहायची काळी शाई याच रिॲक्शनवर चालायची. आधी थोडं कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघितलं, मगच डोक्याला. धुताना पाणी मी काढून देतो आणि रविवारचे कपडेही मीच धुतो. केस काळे होत नाहीत, तपकिरी-तांबूस होतात. चालतंय.

विकतचंच घ्यायचं असेल तर आपल्या देशाचा कायदा आपल्या बाजूने आहे. असे रंग असलेल्या हेअर डायच्या पाकिटावर आधी त्वचेवर चाचणी घ्या आणि भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं, अशी सूचना छापावीच लागते. छापलेली असते. आपण वाचत नाही.

अजून एका माणसाबद्दल लिहिल्याशिवाय थांबवत नाही. आपल्या कॉलेजरोडवरच्या सलूनमधला आपल्याच वयाचा पोरगा. तो दिवसातून कितीतरी डोकी उघड्या हाताने रंगवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने घरी स्वतःला डाय लावणाऱ्यांबद्दल ठोस निष्कर्ष काढता येत नाही असं म्हटलंय, पण न्हावी आणि हेअरड्रेसर यांच्या कामाला "बहुधा कर्करोगकारक" या गटात ठेवलंय. आपण महिन्यातून एकदा, तो रोज. पुढच्या वेळी त्याला हातमोजे घालायला सांगा. नसतील तर लॅबच्या बाहेर मिळतात तसले दोन जोड घेऊन जा. इतकं आपल्याला परवडतं.

मित्रांनो, पांढरे केस लपवावेत की नाही, हा ज्याचा-त्याचा प्रश्न. लपवले नाहीत तर सगळ्यात सौम्य आणि सगळ्यात स्वस्त, हे सांगायला इंजिनीअर लागत नाही. पण घरात चार वर्षं केमिस्ट्री शिकणारा मुलगा असूनही पाकिटाची मागची बाजू कोणी वाचणार नसेल, तर ती डिग्री भिंतीवर लावायची कशाला?

या शनिवारी घरी जाल तेव्हा आई-बाबांच्या कपाटातलं पाकीट उलटं करा आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. नाव अवघड असेल, पण आपण ते पाठ केलेलं आहे.